कृत्रिम पायाचं माप द्यायला जाण्याआधी

जखम पूर्ण भरली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, की मगच मापाची तारीख घ्या. हे गुडघ्याखालून पाय गेलेल्यांसाठी आहे.

आधी स्टंपची, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायाची, सूज उतरवा. क्रेप बँडेज ८ च्या आकड्यात बांधायचं, टोकाशी घट्ट आणि वर सैल होत जाणारं. गोल फेरे मारले तर टोकाला उलट सूज साठते. सुजेवरच माप दिलंत तर सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा स्टंप बसवायचा पेला, लवकरच ढगळ होतं. गुडघ्याखाली उशी घेऊ नका. बरं वाटतं खरं, पण गुडघा वाकलेलाच राहायला लागतो आणि मग कृत्रिम पाय नीट बसत नाही.

पिशवीत डिस्चार्ज कार्ड, मधुमेह असेल तर त्याचे रिपोर्ट, आधार, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), सैल हाफ पँट. रोज वापरायचे बूटही घ्या, कारण बहुतेक तयार पावलं ठरावीक टाचेच्या उंचीलाच जुळतात. जयपूर फूटला बुटाची गरज नाही. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६० च्या दशकात घडवलेलं हे रबरी पाऊल घालून उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते, चिखलात अनवाणी उतरता येतं. भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून ते मोफत बसवते. शेतात काम असेल, जमिनीवर बसून जेवत असाल, तर हे पहिल्याच भेटीत सांगा.

मापाच्या वेळी लाजू नका. स्टंपवर पातळ मोजा चढवून नडगीची धार, बाहेरच्या बाजूच्या हाडाचा उंचवटा अशा जागा पेन्सिलने आखतात. वरून ओल्या प्लॅस्टरच्या पट्ट्या. त्या आवळत असताना टेक्निशियन गुडघ्याच्या वाटीखाली अंगठे दाबून धरतो, कारण पुढे बराचसा भार तिथेच पेलायचा असतो. साचा सुकला की त्यात प्लॅस्टर ओतून स्टंपची प्रत काढतात. भार घ्यायच्या जागा कानशीने तासतात, हाडांच्या जागी थर चढवतात आणि त्यावर सॉकेट घडवतात. म्हणून बोट लावलं तरी कळ येते ती जागा पेन्सिल हातात असतानाच दाखवा. काही केंद्रांत आता स्कॅनर फिरवून ही तासणी संगणकावर करतात. छान आहे, पण कळ कुठे येते ते स्कॅनरला दिसत नाही.

कुणी मायक्रोप्रोसेसरच्या (छोट्या संगणकावर चालणाऱ्या) कृत्रिम गुडघ्याचे व्हिडिओ दाखवले तर बघा आणि सोडून द्या. तुमचा गुडघा शाबूत आहे. पैसे घालायचेच तर चांगल्या लायनरवर, म्हणजे सॉकेटच्या आत स्टंपवर चढवायच्या मऊ अस्तरावर, घाला.

ट्रायलला, म्हणजे तयार पाय घालून बघायला, जाताना स्टंपवर चढवायचे दोन-तीन जादा मोजे न्या, कारण दिवसभरात स्टंप बारीक होतो आणि पाय सैल वाटू लागतो. चालून झाल्यावर पाय काढा, आरसा धरून स्टंप खालून बघा. लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली नाही, तर पाय घरी न नेता तिथेच सॉकेट दुरुस्त करून घ्या.