सीआयपी: आधी प्रवाह, मग कॉस्टिक

टाकी, पाईप आणि हीट एक्स्चेंजर न उघडता आतून धुणे म्हणजे सीआयपी (क्लीनिंग इन प्लेस). धुणे कमी पडले की पहिला हात कॉस्टिककडे (कॉस्टिक सोड्याकडे) जातो. तसे न करता आधी फ्लो मीटर पाहा.

पाईपमध्ये वेग सेकंदाला किमान १.५ मीटर हवा. ५१ मिमीच्या पाईपला त्यासाठी तासाला जवळजवळ १०,००० लिटर लागतात. त्याच मार्गात ७६ मिमीचा तुकडा आला की तिथला वेग निम्म्याहून खाली जातो आणि मालाचा थर तिथेच राहतो. म्हणून पंप सर्वांत मोठ्या व्यासाचा पाईप धरून निवडा. बंद टोकाचा फाटा पाईपच्या व्यासाच्या दीडपटीपेक्षा लांब नको; त्यात पाणी फिरतच नाही.

टाकीचा हिशेब वेगळा. स्थिर स्प्रे बॉलला (टाकीत आतून फवारा मारणाऱ्या छिद्रांच्या गोळ्याला) टाकीच्या परिघाच्या दर मीटरमागे मिनिटाला ३० लिटरच्या आसपास द्या. २ मीटर व्यासाच्या टाकीला सुमारे १९० लिटर. आणि टाकीतून पाणी परत खेचणाऱ्या रिटर्न पंपाने तेवढे उचललेच पाहिजे. तळाशी पाणी साचले की तळ धुतला जात नाही, नुसता भिजतो.

दुधासारख्या मालासाठी क्रम असा. टाकी रिकामी होताच, थर वाळायच्या आत, ४० ते ५० अंशांच्या पाण्याने रिटर्न स्वच्छ दिसेपर्यंत खळखळून घ्या. ६० च्या वर गेलात तर प्रथिने पृष्ठभागावर घट्ट बसतात. मग १ ते १.५ टक्का कॉस्टिक, ७५ ते ८० अंश, १५-२० मिनिटे. हजार लिटरचे दीड टक्का द्रावण करायला ५० टक्क्यांचे कॉस्टिक लाय (तीव्र द्रावण) ३० किलो लागते. ते नेहमी पाण्यात सोडायचे, पाणी त्यात कधीही नाही. पाण्याने धुऊन ०.५ ते १ टक्का नायट्रिक ॲसिड, ६० अंश, १० मिनिटे; क्षारांचा खडा यानेच सुटतो. शेवटी पुन्हा पाणी, आणि उत्पादनाच्या लगेच आधी निर्जंतुकीकरण. ॲसिड आणि क्लोरीनयुक्त द्रावण एकत्र येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

घड्याळ कधी सुरू करायचे, इथे बहुतेक प्रोग्राम चुकतात. पुरवठ्याच्या बाजूला ८० अंश दिसले तरी परतीला ६२ असू शकतात. तापमान, कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता, म्हणजे द्रावणाच्या तीव्रतेची खूण) आणि प्रवाह हे तिन्ही रिटर्न लाइनवर ठरल्याप्रमाणे आले की मगच वेळ मोजा. एकही घसरले तर टायमर थांबला पाहिजे.

गरम कॉस्टिकनंतर टाकीत थेट थंड पाणी सोडू नका. आतली वाफ क्षणात आकसते, आणि व्हेंट (हवा आत-बाहेर जाण्याची वाट) लहान किंवा बंद असेल तर टाकी आत चेपते. व्हेंट उघडा असल्याची खात्री प्रोग्रामच्या इंटरलॉकमध्येच (अट पुरी झाल्याशिवाय पुढे न जाऊ देणाऱ्या कुलुपात) घाला.

नवी टाकी वापरात घेण्याआधी रायबोफ्लेविनचे (अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या बी-२ जीवनसत्त्वाचे) द्रावण सगळीकडे फवारा, फक्त पाण्याने सायकल चालवा आणि अतिनील दिव्याखाली पाहा. न धुतलेल्या जागी उरलेली पिवळट-हिरवी चमक बहुधा मिक्सरच्या दांड्यामागे किंवा मॅनहोलच्या गॅस्केटपाशी सापडते. तिथे दुसरा स्प्रे बॉल लागेल.