नंबर कुठे पाठवायचा, ते लिहायचं राहिलं

पुण्यात खराडीच्या एका ऑफिसात मी चार वर्षं एका ऑनलाइन किराणा कंपनीच्या सोशल मीडियावरच्या तक्रारी हाताळतेय. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहितेय. तिकीट, टीएटी, एस्कलेशन हे शब्द तुम्हाला पहिल्या आठवड्यात कळतातच, ते सोडून देते.

उघड्यावर तक्रार लिहिणारा माणूस बहुतेक वेळा पहिल्यांदा तक्रार करत नसतो. अ‍ॅपवरच्या बॉटने त्याला फिरवलेलं असतं, कॉल सेंटरने "दोन दिवसांत होईल" असं सांगून दोनदा बोळवण केलेली असते. म्हणून टाइप करण्याआधी त्याची जुनी तिकिटं, म्हणजे आधी नोंदलेल्या तक्रारी, उघडून वाचा. टीएल, म्हणजे टीम लीडर, म्हणेल, पहिलं उत्तर द्यायची वेळ जातेय. जाऊ दे. दोनदा माफी ऐकलेल्याला तिसऱ्यांदा तीच माफी चिकटवली की तो आधीचे स्क्रीनशॉट खाली टाकतो, आणि मग तिथे शंभर जण जमतात.

आता माझी चूक. दुसराच महिना, दिवाळीआधीचा आठवडा, रांगेत दोनशेच्या वर तिकिटं. फेसबुकवर एका आजोबांनी लिहिलं होतं, "तेलाचा डबा फुटका आला, पैसे परत नाहीत, फोन कोणी उचलत नाही." त्या शिफ्टला मराठी लिहिणारी मी एकटी. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये, म्हणजे तयार उत्तरात, नंबर खासगी मेसेजमध्ये पाठवा असं होतं, सोबत मेसेजची लिंक. मी घाईत मराठी केलं : "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया आपला नोंदणीकृत मोबाइल क्रमांक कळवावा." मेसेजचा भाग घातला की वाक्य लांबट होत होतं, म्हणून गाळला. लिंक टाकायची राहिली.

आजोबांनी सांगितलं तसं केलं. माझ्या उत्तराखालीच दहा आकडी नंबर, ऑर्डर नंबर आणि "आभारी आहे" लिहिलं. मी तोवर पुढच्या तिकिटावर होते.

आमच्याच लोगोचं, नावापुढे 'केअर' लावलेलं एक खोटं पान अशा कमेंटवर टपून होतं. अर्ध्या तासात आजोबांना फोन गेला. बोलणाऱ्याला ऑर्डर नंबर माहीत, डबा फुटल्याचं माहीत. कोणालाही तो कंपनीचाच माणूस वाटेल. रिफंडसाठी म्हणून त्याने मोबाइलची स्क्रीन पलीकडे दिसणारं अ‍ॅप घ्यायला लावलं, मग यूपीआय पिन टाकायला लावला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पण हे त्या घाईत कोणाला सुचणार? डब्याचे सातशे रुपये यायचे होते, खात्यातून अडतीस हजार गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीने लिहिलं, "नंबर तुम्हीच मागितला होता." त्या रात्री मला झोप लागली नाही. आजही ते वाक्य आठवलं की पोटात गोळा येतो.

म्हणून यावर जास्त लिहितेय. नंबर मागताना तो कुठे पाठवायचा आणि कुठे लिहायचा नाही, दोन्ही लिहा. कमेंटमध्ये नंबर, पत्ता किंवा बिलाचा फोटो दिसला की आधी कमेंट हाइड करा, उत्तर मागाहून. तेवढ्यावर थांबू नका. फेसबुकवर हाइड केलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसतच राहते. एक्सवर हाइड केलेला रिप्लायही कोणालाही उघडून वाचता येतो. त्यामुळे मेसेज करून त्यांनाच डिलीट करायला सांगा. आणि पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा. लीगलला विचारून सांगते म्हणत बसलात तर तेवढ्यात रक्कम पुढच्या खात्यात सरकते.

नुसती तक्रार मात्र हाइड करू नका. मॅनेजर सांगेल, तरी करू नका. लोकांना ते कळतं.

टीकाकाराशी वाद घालण्याचा मोहही होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॉमेडियन कुणाल कामराने सर्व्हिससाठी पडून असलेल्या ओला स्कूटरचा फोटो टाकला. ओलाचे प्रमुख भाविश अग्रवाल यांनी त्याला पैसे घेऊन लिहिलंस म्हणून सुनावलं. दुसऱ्या दिवशी ओलाचा शेअर घसरला, त्याच सुमारास दहा हजारांवर तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोटीस आली. स्कूटर अडकलेल्या माणसाला त्या भांडणातून काय मिळालं? याउलट मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने शुद्ध शाकाहारी जेवण पोचवणाऱ्या वेगळ्या ताफ्याला हिरवा गणवेश जाहीर केला, टीका झाल्यावर दुसऱ्याच दिवशी हिरवा रंग मागे घेतला आणि सगळे लालच घालतील असं सांगितलं. ताफा वेगळा ठेवणं मला पटलं नाही, पण नक्की काय बदललं ते उत्तरात होतं. तुमच्या उत्तरातही तेच हवं : रिफंड टाकला, अमुक तारखेपर्यंत जमा होईल.

या कामाचे सर्टिफिकेट कोर्स निघालेत, त्यांवर पैसे घालवू नका. एआयकडून उत्तरं लिहून घेणाऱ्यांचीही मला चीड येते, दहा जणांना तीच गुळगुळीत सहानुभूती जाते. मला खरं काम शिकवलं ते रिफंड डेस्कवरच्या एका ताईंनी. त्यांच्या शेजारी आठवडाभर जेवायला बसले, तेव्हा कळलं की "प्रोसेसमध्ये आहे" म्हणजे पैसे नक्की कुठे अडकलेले असतात. असं माणूस शोधा. २०२० चे ई-कॉमर्स नियमही एकदा वाचा. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची, हे पाठ असलं की एस्कलेशन करताना, म्हणजे तक्रार वरच्यांकडे नेताना, आवाज कापत नाही.

शिव्या येतील. आईबहिणीवरून येतील. त्या कंपनीच्या लोगोला आहेत, तुम्हाला नाहीत, आणि तीन-चार महिन्यांत त्या आजच्याएवढ्या लागत नाहीत. चुकाही होतील, त्यावरून कोणी लगेच काढत नाही. मलाही काढलं नाही.

तुमच्या टीममध्ये मराठी टेम्प्लेट कोण लिहितं, ते उद्या विचारा. कोणीच नाही असं कळलं तर तुम्ही लिहा, आणि पाठवण्याआधी घरातल्या आजीला वाचायला देऊन विचारा, "आजी, नंबर कुठे लिहशील?"