पामचा पोंगा हातात आला, तरी झाड वाचलं

हिवाळा सरता सरता ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी या पामचा मधला पोंगा, म्हणजे न उघडलेलं नवं पान, तपकिरी दिसू लागला. हलकेच ओढला तर अख्खा हातात आला. बुडाशी कूज आणि आंबूस वास. बाहेरची पानं मात्र हिरवीगार होती.

ही जात साधारण उणे १५ अंशांपर्यंत तग धरते, पण कोरड्या थंडीत. शेंड्यात पाणी साचून गोठलं की तिथली पेशीजालं फुटतात आणि बुरशी, जिवाणू आत शिरतात. पामच्या एका खोडाला वाढीचा कोंब एकच असतो, तो मेला की खोड संपलं. म्हणून कूज खाली उतरण्याआधी थांबवणं एवढंच आपल्या हातात असतं.

पोंग्याच्या पोकळीतला लिबलिबीत भाग चिमट्याने काढला. ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं. फेस आला, तो बसल्यावर कापडाने टिपून घेतलं. पोकळी सुकल्यावर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक पाकिटावरच्या प्रमाणात फवारलं. वर प्लास्टिकचं छप्पर केलं, बाजू मोकळ्या ठेवल्या. झाड गच्च गुंडाळून ठेवतात ते मला पटत नाही, आत दमटपणा कोंडतो. खतही दिलं नाही. हिरवी पानं कापायचा मोह आवरला, कारण अन्न तीच बनवतात.

ऊब वाढल्यावर नवा पोंगा वर सरकला. पहिलं पान अर्धवट, टोकं कातरल्यासारखी. पुढचं नीट उघडलं. आता कडाक्याची थंडी यायच्या आधीच छप्पर चढतं आणि बुंध्याशी वाळक्या पानांचं जाड आच्छादन पडतं, खोडापासून थोडं लांब.