फझी नेव्हल करायचंय? मग संत्र्याचा रस आधी काढून ठेवू नका

1984 साली डीकायपर पीचट्री ही पीचच्या स्वादाची गोड दारू अमेरिकेत बाजारात आली आणि पीच श्नॅप्स, म्हणजे अशीच दारू, तिथल्या बारमध्ये घरोघरीच्या चहासारखं ओळखीचं झालं. फझी नेव्हल हे तिचं सगळ्यात साधं पेय. फझी म्हणजे पीचच्या सालीवरची लव, आणि नेव्हल म्हणजे बुडाला बेंबी असलेलं नेव्हल संत्रं. जिनसा दोनच, तरी लोकांकडे पिते तेव्हा बहुतेक वेळा गोडमिट्ट सरबत हातात येतं.

नावावर जाऊ नका. जर्मनीत श्नाप्स म्हणजे कडक, बिनसाखरेची दारू. अमेरिकन पीच श्नॅप्स हे लिक्युअर आहे: अल्कोहोल साधारण 15 ते 24 टक्के आणि साखर भरपूर. तिला दारू घातलेला पाक समजा. पाक आपण कपाने ओतत नाही.

उंच ग्लास बर्फाने काठोकाठ भरा. पेग मेजरने मोजून 45 मिली श्नॅप्स, 90 मिली संत्र्याचा ताजा रस, 10 मिली लिंबाचा रस. लांब चमच्याने ढवळा. श्नॅप्स आणि रस निम्मेनिम्मे घ्यायची जुनी कृती सगळीकडे छापलेली असते, ती मला मान्य नाही. आणि लिंबू वगळू नका, साखरेला तेवढाच आवर असतो.

आता रस. इथेच मी अडकले होते.

न्यू जर्सीत आमच्याकडे दिवाळीनंतरच्या एका शनिवारी वीस माणसं जेवायला होती. हंगामातली पहिली नेव्हल संत्री आली होती. सकाळी दहालाच दोन मोठे जग भरून रस काढला, चाखला, मधासारखा लागला. जग ओट्यावरच राहिले. संध्याकाळी सातला पहिला ग्लास केला तर घशात कडू. मला वाटलं श्नॅप्स कमी पडली, म्हणून आणखी ओतली. मग पेय एकाच वेळी कडूही आणि चिकट गोडही. दोन्ही जग मोरीत ओतावे लागले.

संत्री खराब नव्हती. रस कडू करणारं द्रव्य म्हणजे लिमोनिन, आणि अख्ख्या फळात ते तयार स्वरूपात नसतं. फोडींवरच्या पापुद्र्यात आणि सालीच्या आतल्या पांढऱ्या भागात त्याचं बिनकडू रूप असतं. फळ पिळलं की ते रसातल्या आम्लात मिसळतं आणि काही तासांत त्याचं कडू लिमोनिन बनतं. म्हणून काढल्या काढल्या रस गोड लागतो आणि नंतर फसवतो. नेव्हलमध्ये हे फार होतं, हंगामाच्या सुरुवातीच्या फळांत तर जास्तच. फ्रिजमध्ये वेग मंदावतो, पण थांबत नाही.

खरं तर हे आपल्याला ठाऊक असायला हवं होतं. आजारी माणसाला मोसंबीचा रस दिला की आई समोर उभी राहून सांगायची, ‘आत्ताच संपव, कडू होईल.’ नागपुरी संत्र्याच्या रसाचीही तीच तऱ्हा.

तेव्हा संत्रं आडवं कापा आणि काचेच्या शंकूवर हाताने, हलक्या दाबाने फिरवा. शेवटचा थेंब काढायचा हट्ट सोडा, तो पांढऱ्या सालीतून येतो. सोललेलं संत्रं मिक्सरमध्ये फिरवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पापुद्रे आणि बिया भरडल्या की कडवटपणा हमखास. एका वेळी दोन ग्लासांपुरताच रस काढा आणि अर्ध्या तासात संपवा. पाहुणे जास्त असतील तर नेव्हलचा आग्रह धरू नका. रसासाठीच लावलेली व्हॅलेन्सिया संत्री घ्या, किंवा चांगला थंड रस विकत आणा. विकतचा रस वापरण्यात काही कमीपणा नाही, कडू रस पाजण्यात आहे. आणि ग्लास भरण्याआधी रस प्रत्येक वेळी चाखा, सकाळी चाखलेला धरू नका.

यातच 30 मिली व्होडका घातली की हेअरी नेव्हल. पीच श्नॅप्सचंच दुसरं कॉकटेल सेक्स ऑन द बीच, त्याचं आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेचं माप आहे 40 मिली व्होडका, 20 मिली पीच श्नॅप्स, 40 मिली संत्र्याचा रस आणि 40 मिली क्रॅनबेरीचा रस. श्नॅप्स व्होडकाच्या निम्मी आहे हे बघा. माझ्या मते हे प्रमाण फार शहाणपणाचं आहे. क्रॅनबेरी तुरट असते, म्हणून तिथे मी लिंबू घालत नाही.

एक मात्र कळकळीने सांगते. गोडामुळे व्होडका जिभेला कळत नाही. सेक्स ऑन द बीचच्या मापात 40 टक्क्यांची व्होडका आणि 20 टक्क्यांची श्नॅप्स धरली तर एका ग्लासात 20 मिली शुद्ध अल्कोहोल जातं. हे प्यायलेल्या कुणालाही गाडीची किल्ली देऊ नका. आमच्याकडे व्होडकाचे जग मी वेगळ्या टेबलावर, नाव लिहून ठेवते, आणि मुलांचा संत्र्याचा रस स्वयंपाकघरातच राहतो.