विषमता, कुटुंब, विचलन : समाजशास्त्राच्या पेपरला बसण्याआधी काय पक्कं हवं

आधी विषमता आणि स्तरीकरण यांतला फरक पुस्तक मिटून सांगता येतो का, ते पाहा. दोघांच्या मिळकतीत तफावत आहे, ही विषमता. तीच तफावत गटागटांत थरासारखी बसली आणि पिढ्यान्‌पिढ्या उतरत राहिली की ते स्तरीकरण. समाजशास्त्रज्ञ वेबरचे वर्ग (आर्थिक स्थिती), दर्जा (समाजातला मान) आणि पक्ष (सत्तेसाठी एकत्र आलेले गट) हे तीन घटक एकेका उदाहरणासकट लिहून काढा. पैसा आहे पण मान नाही असा गट सुचला, की आर्थिक वर्गावर भर देणाऱ्या मार्क्सपासून वेबर कुठे वेगळा होतो ते आपोआप कळतं. डेव्हिस-मूर (1945) यांचा सिद्धांत, म्हणजे मोलाच्या कामांवर गुणी माणसं यावीत म्हणून त्यांना जास्त मोबदला लागतो आणि त्यामुळे स्तरीकरण समाजाला गरजेचं असतं, तयार असेल, तर ट्युमिनचा 1953 चा आक्षेप सोबतच हवा : कोणतं काम जास्त मोलाचं हे ठरवायचं कोणी, आणि ज्यांना शिकायची संधीच नाही त्यांची गुणवत्ता दिसणार कशी? हा भाग सुटला की उत्तर एकांगी होतं.

कुटुंबाला वेळ कमी लागतो. मरडॉकची चार कार्यं (लैंगिक, प्रजनन, आर्थिक, शैक्षणिक), पार्सन्सची दोन (मुलांचं प्राथमिक सामाजीकरण, प्रौढांच्या व्यक्तिमत्त्वाला स्थैर्य) आणि घरातल्या बिनपगारी कामावर बोट ठेवणारी स्त्रीवादी टीका, एवढं चोख असू द्या. एका छताखाली राहणारे सगळे कुटुंबीय नसतात. परगावी नोकरी करणारी मुलगी कुटुंबातलीच, खोली भाड्याने घेतलेला विद्यार्थी नाही.

खरा वेळ विचलनाला, म्हणजे समाजाचे नियम सोडून वागण्याला, द्या. मर्टनचा 1938 चा तक्ता हाताने काढा : एका रकान्यात समाजमान्य ध्येय, दुसऱ्यात समाजमान्य मार्ग. दोन्ही मान्य तर अनुरूपता, ध्येय मान्य पण मार्ग अमान्य तर नवप्रवर्तन, ध्येय सोडून नुसता मार्ग धरला तर कर्मकांडवाद, दोन्ही सोडले तर पलायनवाद, दोन्ही नाकारून नवे मांडले तर बंडखोरी. सर्वाधिक चुका नवप्रवर्तनात होतात, कारण मुलं तिथे शोध लावणारा शास्त्रज्ञ लिहितात. कॉपी करणारा विद्यार्थी लिहा : गुण हवेत, अभ्यासाचा मार्ग नको. शिकण्यात रस उरला नाही पण हजेरी मात्र एकही चुकत नाही, तो कर्मकांडवादी. पुढे लेमर्टचं प्राथमिक आणि दुय्यम विचलन घ्या : समाजाने विचलित असा शिक्का मारण्याआधीचं ते प्राथमिक, शिक्क्यातून पुढे घडलेलं ते दुय्यम. शिक्का बसल्यावर माणूस स्वतःकडे त्याच नजरेने पाहू लागतो आणि पुढचं वागणं त्यातून घडतं, हा क्रम उत्तरात दिसलाच पाहिजे. प्रत्येक विचलन गुन्हा नसतं, हे एका वाक्यात लिहून मगच सिद्धांतांकडे वळा.