ट्रॅकच्या गाडीत स्टिरिओ: नागपूरहून निघण्याआधीची तयारी

नागपूरकराला गाडी पळवायला रेसिंग ट्रॅकवर जायचं म्हणजे आधी लांबचा रस्ता कापायचा. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट उत्तरेला हजार किलोमीटरच्या पुढे, चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टईचं सर्किट दक्षिणेला जवळपास तेवढंच, आणि कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे त्याहूनही लांब. ट्रॅकवर गाडी दिवसभरात जेमतेम तासभर धावते, रस्त्यावर मात्र जाऊन-येऊन चार दिवस जातात. म्हणून वजन घटवायला कार्पेट, दारांचे पॅड, मागची सीट, एसी असं सगळं काढलेल्या गाडीतसुद्धा मी स्टिरिओ बसवतो. तो फक्त रस्त्यासाठी. ट्रॅकवर पोचलं की पंधरा मिनिटांत तो गाडीबाहेर निघाला पाहिजे, आणि पुढची सगळी तयारी याच अटीवर बेतलेली आहे.

सामान आणायच्या आधी आरसी बाहेर काढा. नोंदींशी न जुळणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतात. शंका असेल तर गाडी ट्रेलरवरून न्या. मग स्टिरिओचा प्रश्नच उरत नाही.

आता आवाजाचं गणित, कारण सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो. रिकाम्या पत्र्याच्या गाडीत टायरचा, गिअरबॉक्सचा, मागच्या चाकांखाली उडणाऱ्या खडीचा आवाज थेट कानात येतो, आणि बहुतेक जण त्याच्याशी वॉटने लढायला जातात. पण आवाज १० डेसिबलने वाढवायचा तर ताकद दहापट लागते. आज ५० वॉट असतील तर ५०० करावे लागतील, म्हणजे मोठा अँप्लिफायर, जाड वायर आणि वाढलेलं वजन. याउलट स्पीकरचं कानापासूनचं अंतर निम्मं केलं तर मोकळ्या जागेच्या हिशोबाने ६ डेसिबल फुकट मिळतात. म्हणून दारात सहा इंची स्पीकर बसवण्याचा नाद सोडा. पॅड काढलेल्या दारात तो तसाही वाजत नाही. समोरचा आणि मागचा आवाज दाराच्या मोकळ्या भोकांतून एकमेकांना भेटतो आणि बेस मरून जातो.

माझी पसंती चार इंची दोन स्पीकरना, तेही प्रत्येकी बंद डब्यात. मागची सीट निघाली की तिच्या बेल्टच्या बोल्टांची मूळ भोकं रिकामी राहतात. त्यांच्यावर ॲल्युमिनियमची एक पट्टी बसवायची आणि दोन्ही डबे त्या पट्टीवर, पुढच्या सीटच्या खांद्याच्या खाली, तोंड वर आणि पुढे. हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून अशी पट्टी वाकवून घेता येते. गाडीला नवीन भोक पाडावं लागत नाही, चार बोल्ट काढले की सगळं बाहेर. एक मात्र पाहून घ्या: हार्नेसचे (रेसिंगच्या सीट बेल्टचे) पट्टे त्याच बोल्टांवर असतील तर त्यांना हात लावायचा नाही. स्पीकरला दुसरी जागा शोधा.

डबा प्लायवूडचा नको. पावसाळ्यात तो फुगतो, आणि आपल्याकडे दार उघडं ठेवून काम करताना पहिली सर कधी आत येते कळतही नाही. ॲल्युमिनियम किंवा एबीएसचा घ्या, स्पीकर बोटीवर किंवा मोटारसायकलवर वापरतात तसला पाणी सोसणारा.

स्पीकरच्या आधी गाडी थोडी शांत करा. फायरवॉलमधली (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातली) उघडी भोकं ग्रोमेट (भोकात बसणारी रबरी कडी) घालून बुजवा. इंजिनकडची धग आणि आग आत येऊ नये म्हणून ती तशीही बुजवायलाच हवीत. मागच्या फ्लोअरवर रबरी मॅट अंथरा, ट्रॅकवर ती गुंडाळून बाहेर. मग फोनवरच्या डेसिबल मीटरने हायवेच्या वेगाला मोजून बघा, ढोबळ अंदाज येतो. कामगारांच्या कानांसाठीची मोजणी अशी आहे की ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला चार तास, ९१ ला दोनच. बारा तास गाडी चालवणाऱ्याने हा हिशोब मनावर घ्यायलाच हवा. मीटर ९० दाखवत असेल तर आधी गोंगाट कमी करा, त्यावर गाणी चढवू नका. शिवाय व्हील बेअरिंग गुणगुणायला लागलं तर ते ऐकू आलं पाहिजे. माझ्या दृष्टीने व्हॉल्यूमची मर्यादा तीच.

हेड युनिट (डॅशमधला मुख्य स्टिरिओ) सिंगल डिनचं, म्हणजे एका खणाच्या उंचीचं, सीडी नसलेलं, वजनाला हलकं. टच स्क्रीन नको. ग्लोव्ह घालून न बघता फिरवता येईल असं गोल बटण हवं. सेटिंगमध्ये हायपास फिल्टर (खालचे सूर कापणारा) १२० हर्ट्झच्या आसपास ठेवा. त्याखालचा बेस रस्त्याच्या घरघरीत तसाही बुडतो, उगाच छोट्या स्पीकरचा जीव जातो.

वायरिंगला सगळ्यात जास्त वेळ द्या. युनिटची पिवळी वायर कायम चालू राहणाऱ्या १२ व्होल्टची, लाल चावीवरची, काळी अर्थ. घराघरातल्या गाड्यांमध्ये पिवळी थेट बॅटरीला जाते. ट्रॅकच्या गाडीत तसं कधीही करू नका. ती किल स्विचच्या (गाडीची सगळी वीज एका झटक्यात तोडणाऱ्या स्विचच्या) पलीकडून घ्या. स्विच पाडल्यावर गाडीत एकही वायर जिवंत राहता कामा नये, अपघातानंतर ठिणगीला तेवढं पुरतं. त्यापायी घड्याळ आणि स्टेशनं पुसली जातील, जाऊ द्या. सेटिंग वीज गेल्यावरही टिकवणारं युनिट मिळालं तर उत्तम.

छोटा क्लास डी (कमी वीज खाणारा, कमी तापणारा) अँप्लिफायर लावलात तर स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएमची वायर ओढा आणि १५ अँपिअरचा फ्यूज वायर जिथून सुरू होते तिथेच, वीतभर अंतरात बसवा. बॅटरी डिक्कीत हलवली असेल तर फ्यूजही डिक्कीत. पत्र्यातून वायर जाते तिथे ग्रोमेट, बाकी सगळीकडे फ्लेक्सिबल पाइप आणि दर वीतभरावर क्लिप. स्पीकरच्या जोडणीला लॉक होणारे वॉटरप्रूफ कनेक्टर लावा, म्हणजे काढताना नुसतं दाबून ओढायचं.

अर्थची वायर जिथे पत्र्याला जोडायची तिथे रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, घट्ट करा, मग वरून ग्रीस. मी एकदा घाईत लग (वायरच्या टोकाची कडी) रंगावरच आवळला होता. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून अल्टरनेटरची शीळ चढायची आणि पाय उचलला की उतरायची. हिंगणघाटपर्यंत ती सोसली, मग एका ढाब्यावर पॉलिश पेपर मागून पत्रा घासला आणि गाडी लगेच शांत झाली.

दुहेरी टेप आणि चिकटवायचं वेल्क्रो आपल्या गावात विसरा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असतो, उन्हात बंद उभ्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त. नवतपात माझा अँप्लिफायर टेपसकट गळून फ्लोअरवर आला होता. प्रत्येक वस्तू बोल्टने, नायलॉक (हादऱ्याने सैल न होणाऱ्या) नटने. डॅशच्या वर फोन ठेवू नका, तापून तो स्वतःच बंद पडतो.

सगळं झालं की किराणा दुकानातल्या काट्यावर सामान तोला. माझी मर्यादा चार किलो. निघायच्या आदल्या संध्याकाळी बुटीबोरीपर्यंत एक फेरी मारा, जाताना स्टिरिओ बंद ठेवून. काही खडखडलं तर ते आत्ताच ऐकू येईल. येताना गाणी लावा, घरी आल्यावर प्रत्येक बोल्टला पाना लावून बघा, आणि मग घड्याळ लावून सगळं एकदा काढून दाखवा. पंधरा मिनिटांच्या वर वेळ लागला तर कोणता बोल्ट अडला ते आजच शोधा.