म्युनिकमध्ये भरीत जमवताना

आमच्या जळगावकडचं भरीत म्हणजे हिरवी, पांढऱ्या रेघांची वांगी, तुराट्यांच्या जाळावर भाजलेली. २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं ते वांगं इथं कुठलं! मिळतं ते काळं, गुळगुळीत, पाणचट. पहिल्यांदा तव्यावर भाजलं तर धुराचा अलार्म कोकलला, शेजारच्या आजी अनवाणी धावत आल्या आणि हाती लागलं वांग्याचं सूप.

मायला फोन केला. "पोरी, आधी पाणी काढ."

मग वांग्याला टोचे मारले, तेलाचा हात लावला आणि ओव्हनमध्ये ग्रिलखाली पाऊण तास भाजलं, अधूनमधून उलटवत. साल काढून गर चाळणीत अर्धा तास निथळला. चांगलं वाटीभर पाणी निघालं. हिरव्या मिरच्या, लसूण त्याच ट्रेमध्ये भाजले. मिक्सर नको, लगदा होतो. लाटण्याच्या टोकानं ठेचायचं. वर तेलात परतलेले शेंगदाणे आणि कांद्याची पात. धुराच्या वासासाठी चिमूटभर स्मोक्ड पेप्रिका घातली, पण हे मायला सांगितलेलं नाही.

कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळालं, उडीद घरीच दळले. भाकरी अजून कडेला फाटते.